कलोंदूचं कच्चं मडकं

फार फार मागची गोष्ट, बरं का. आफ्रिकेतल्या गवताळ माळावर एक ओढा आहे. काही महिने वाहतो आणि मग पार आटून जातो. त्याच्या काठच्या गावात कलोंदू नावाची कुंभारीण होती. हात सोन्याचे, जीभ मात्र मिरचीची! तिनं टिचकी मारली की मडकं बोलायचं, असं म्हणतात.

त्या ओढ्यात बोटाच्या पेराएवढे मासे असायचे, लाल-निळे. ओढा आटला की मरायचे आणि पाणी आलं की पुन्हा हजर! कुठून येतात, कुणी कधी विचारलंच नाही. डासांची पिलावळ ते फस्त करायचे, म्हणून गावाला ताप कसला तो ठाऊक नव्हता.

एकदा मोठा दुष्काळ पडला. पाणी लांबून आणून साठवायचं, तर घरोघरी मोठी मडकी हवीत. कलोंदूनं ओढ्याचा तळ खरवडून सगळी माती काढली. मातीत राळ्याएवढे दाणे होते. "रेती असेल मेली," ती म्हणाली आणि मडकी भट्टीत घातली.

एकच तेवढं राहिलं. ते वळलं होतं तिच्या लेकीनं, पोटुशा म्वेंदेनं. तोंड एकीकडे, बूड एकीकडे!

"याला मडकं म्हणायचं? माझी भट्टी हसेल गं!" कलोंदू करवादली. पण लेकीचे डोळे भरून आले, तसं तिला ते मोडवेना. वळचणीखाली एका मोठ्या खापरात ठेवून दिलं.

पुढं म्वेंदे बाळंत झाली, पाऊस आला, ओढा भरला. पण मासा एक दिसेना! डास मात्र ढगासारखे उठले. घराघरात माणसं अंथरुणाला खिळली. म्वेंदेचं तान्हं तापानं फणफणलं, दूध घेईना. कलोंदू त्याच्या उशाशी बसून राहिली. नातू जातो की काय, या भीतीनं तिची जीभच लुळी पडली.

सकाळी म्वेंदेची हाक आली. "आई, बाहेर ये आधी!"

वळचणीचं पाणी पडून पडून कच्चं मडकं विरघळलं होतं. आणि खापरातल्या गढूळ पाण्यात लाल-निळे जीव वळवळत होते.

"अगं बाई, ते दाणे नव्हते, अंडी होती!" कलोंदूनं कपाळावर हात मारला. "माझ्याच पायावर मी धोंडा पाडला की!"

खापर डोक्यावर घेऊन ती ओढ्याकडे धावली. तिनं ते पाण्यात रिकामं केलं आणि बघता बघता ओढा या काठापासून त्या काठापर्यंत लाल-निळा झाला, असं म्हणतात. संध्याकाळी एक डास उरला नाही. बाळाला दरदरून घाम फुटला, अंग निवलं, आणि ते चुटूचुटू दूध प्यायला लागलं. कलोंदूचा जीव भांड्यात पडला. तिनं लेकीला पोटाशी धरलं आणि पोटभर रडून घेतलं.

अजूनही तिथल्या कुंभारणी ओढ्याच्या मधल्या मातीला हात लावत नाहीत. त्यातली ओंजळभर माती मिळते ती फक्त गावातल्या पोटुशा बाईला. ती एक मडकं वळते, ते भाजत नाहीत, आणि पाणी आलं की कलोंदूचं नाव घेऊन ओढ्यात सोडतात. ते कितीही वाकडं होवो, त्याला कुणी नाव ठेवत नाही. तिची आईसुद्धा नाही.