बर्गे सरांचा दुभाषा

माणूस शिकला की शहाणा होतो म्हणतात. बर्गे सरांना पाहिलं असतं, तर असं म्हणायला कुणाची जीभ रेटली नसती. विद्यापीठात ते आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवायचे. रशियावर उशीएवढं जाड पुस्तक लिहिलेलं, आणि रशियनचं एक अक्षर येत नव्हतं.

शर्वाणी केंजळेला राजकारणाबरोबर रशियनही पुढे चालू ठेवायची होती. परवानगी सरांच्या हातात.

"दोन दगडांवर पाय कशाला?" सर खेकसले. "रशियन सोड. भाषेला दुभाषा असतो की!"

वर्षभर मान मोडून शिकलेली भाषा सोडायची? पण पोरगी खमकी. दाराशी थांबलेल्या मैत्रिणीला, रेश्माला, तिनं आत बोलावलं.

"सर, माझं म्हणणं मी रशियनमध्ये मांडते. ही दुभाषी."

मग ती रशियनमध्ये लांबलचक बोलली. मध्येच सरांच्या टकलाकडे पाहिलं, आणि दोघी खुदकन हसल्या.

रेश्मा म्हणाली, "ती म्हणते, सरांचं बरोबर आहे."

"एवढंच?" सरांचा हात टकलावर गेला. "मग दात कशाला काढले? खरं काय म्हणाली ती?"

शर्वाणी मराठीत म्हणाली, "दुभाषी सांगते ते खरं धरायचं, सर. ते पटत नसेल, तर भाषा शिकायची."

सरांनी परवानगी देऊन टाकली. तेव्हापासून ते टोपी घालून येतात. पोरीनं नुसता पहिला धडा म्हटला होता, आमचं मांजर टेबलाखाली बसलंय म्हणून. पण हे त्यांना सांगणार कोण?