पागोट्याचं ठिगळ

घरातल्या वस्तू माणसांच्या माघारी बोलत, त्या काळची ही गोष्ट. सगुणाबाईंच्या धान्याच्या वखारीत भिंतभर सुपं टांगलेली असत. त्यांतल्या एकालाच त्यांच्या सासऱ्यांच्या लाल पागोट्याचं ठिगळ होतं, आणि घरात जन्मलेलं प्रत्येक बाळ आधी त्याच सुपात निजवत.

सुनेचे दिवस भरत आले होते. तेवढ्यात बाजारातून नवी सुपं आली आणि ठिगळवाल्याचा जीव थाऱ्यावर राहीना. चाळण तर रोज खिजवायची, "अहो ठिगळराव, गिऱ्हाईक नव्यालाच हात लावतं बरं!"

शेवटी सुपानं उंदराला गाठलं. "उंदीरमामा, तेवढं ठिगळ कुरतडा."

"अरे, खाली भोक आहे की!"

"भोक चालेल, ठिगळ नको!"

मामांनी फडशा पाडला. पहाटे बाळ रडलं. सगुणाबाई धावत आल्या, एकेक सूप उलटंपालटं करून बघू लागल्या. "मामंजींच्या पागोट्याचं सूप गेलं कुठं?"

"अहो, मीच ते!" सूप जीव तोडून ओरडलं. पण माणसांना सुपाची भाषा कुठली कळायला? डोळे पुसत सगुणाबाईंनी नव्या सुपात बाळ निजवलं, आणि भोकाचं सूप कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलं.