पुढं एकवीस

एकदा एका शिष्याला आपल्या गुरूचा संशय आला.

गुरू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं पांढरी दाढी आणि वडाचं झाड आलं असेल. दाढी होती. झाड नव्हतं, टायरचं दुकान होतं, जयसिंगपूरच्या बायपासला. गुरूला सगळे दस्तगीर चाचा म्हणायचे. शिष्याचं नाव धैर्यशील. वय तीस, एक बायको, एक जुनी एस्टीम गाडी. दोघींवर सारखाच जीव आहे असं तो म्हणायचा. त्याची बायको वृषाली म्हणायची, सारखा नाही, मला माहितीय कुणावर जास्त आहे ते.

हा धैर्यशील ड्रॅग रेस पळवायचा. म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की चारशे मीटर सरळ सुटायचं. वळण नाही, काही नाही. आधी पोचला तो जिंकला. टायर मात्र रस्त्यावरचेच पाहिजेत, रेसचे खास टायर चालत नाहीत. तीन वर्षं पळवून हा गडी एकदाही जिंकला नव्हता. शेवटी त्यानं वृषालीला शब्द दिला, "या रविवारी हरलो तर गाडी विकून टाकतो." ती म्हणाली, "बघू." बायका 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांचं बघून झालेलं असतं.

आता रस्त्यावरच्या टायरनं रेस मारायची म्हणजे सगळी गंमत हवेत असते. रोजच्याला आपण बत्तीस हवा ठेवतो. रेसला ती उतरवायची, पण फक्त पुढच्या दोन चाकांतली, कारण एस्टीमचं इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं. हवा उतरली की टायर जरा बसतो, जमिनीला जास्त धरतो, सुटताना जागच्या जागी गरगरत नाही. पण जास्त उतरवली की उलटं होतं. टायरचा मधला भाग वर उचलला जातो, नुसत्या दोन कडा टेकतात, आणि गाडी लदलद करायला लागते. किती उतरवायची, हे चाचांना बरोबर कळायचं. खिशातनं पितळेचं जुनं मीटर काढायचे, लावायचे, फुस्स करून थोडी सोडायचे, परत लावायचे. धैर्यशील तो आकडा पाठ करायचा. एवढंच त्याचं शिक्षण.

रविवारी सकाळी एका बंद कारखान्यामागच्या जुन्या विमान धावपट्टीवर सगळे जमले. दुपारपर्यंत धैर्यशील चार जणांना मागं टाकून फायनलला पोचला. त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. फायनल तीन फेऱ्यांची. समोर होता फरशीवाला शेठ. शेठची गाडी नवी, इंजिन दांडगं, सावलीला मोठा तंबू, आणि हवा बघायला डिजिटल मीटर, पाँ पाँ वाजणारं.

आणि त्या तंबूत, शेठच्या शेजारी बसून, दस्तगीर चाचा चहा पीत होते.

धैर्यशीलनं लांबनं बघितलं. शेठ काहीतरी बोलला, चाचा हसले. आता माणूस चहा पितो, हसतो, यात काय आहे? काही नाही. पण ज्याची गाडी पणाला लागलीय त्याला चहासुद्धा साधा दिसत नाही.

चाचा आले, पुढच्या दोन चाकांना मीटर लावलं, थोडी हवा सोडली. "पुढं एकवीस," म्हणले. तेवढ्यात शेठचा मिस्त्री गिड्डे तिथनं जाता जाता थांबला.

"काय चाचा, आज हवा किती?" गिड्डेनं सहज विचारल्यासारखं विचारलं. असलं विचारायचं नसतं. कुणी खरं सांगत नाही म्हणून कुणी विचारतही नाही.

"माझ्या मीटरवर पुढं एकवीस," चाचा मोठ्यानं म्हणले. "तुमच्या मीटरवर किती, ते तुमच्या टायरला विचारा."

गिड्डे हसला आणि तंबूकडं पळाला. चालत नाही, पळाला.

धैर्यशील चाचांकडं वळला. "चाचा, तुम्ही त्याला सांगितलं?"

"विचारलं त्यानं."

"म्हणून खरं सांगायचं?"

"मग काय सांगायचं होतं?" चाचा म्हणले, आणि लघवीला गेले.

धैर्यशीलचं डोकं आता पळायला लागलं, गाडीपेक्षा जोरात. तंबूत चहा. हसणं. मग सगळ्यांदेखत आकडा. म्हणजे एकतर म्हाताऱ्यानं शेठला खरा आकडा विकला, नाहीतर शेठला खरा दिला आणि माझ्या चाकात भलताच भरला. खात्री करायला पाहिजे. पण चाचांचं मीटर चाचांच्या खिशात. तो गेला धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्सवाल्याकडं. त्याच्या गाडीत मीटर असतं, आणि ॲम्ब्युलन्सवाला कशाला खोटं बोलेल?

त्यानं मीटर आणून गुपचूप चाकाला लावलं. पंचवीस.

दुसऱ्या चाकाला लावलं. पंचवीस.

तोंडानं एकवीस म्हणाला, आणि भरली पंचवीस. सापडला चोर.

चाचा परत यायच्या आत त्यानं दोन्ही चाकांतली हवा ॲम्ब्युलन्सच्या मीटरवर बरोबर एकवीस केली, मीटर परत देऊन आला, आणि काही झालंच नाही असं तोंड करून गाडीत बसला.

पहिली फेरी. हिरवा दिवा लागला. पुढची चाकं जागेवरच फिरली, मग धरली, मग गाडी अशी हलायला लागली की स्टेअरिंग कुठं आणि गाडी कुठं. शेठची गाडीपण जरा वाकडी-तिकडी झाली, पण तिचं इंजिन दांडगं. शेठ दीड गाडीनं जिंकला. तंबूत गिड्डेनं शिट्टी मारली. म्हाताऱ्याचा आकडा लागू पडला म्हणून त्याला केवढा आनंद.

धैर्यशील परत आला. "बघितलं?" तो चाचांना म्हणला. 'बघितलं'च्या पुढं आणखी बरंच होतं, ते त्यानं गिळलं.

चाचांनी खिशातनं पांढरा खडू काढला. शाळेत असतो तसला. खाली बसायला त्यांना वेळ लागला, गुडघा धरून बसले. पुढच्या टायरवर या कडेपासनं त्या कडेपर्यंत जाड पट्टा ओढला. "गाडी ढकल. चार हात पुढं."

"आता? दुसरी फेरी आहे पंधरा मिनिटांत."

"ढकल रे."

ढकलली. पट्टा फिरून वर आला. दोन्ही कडांना खडू पुसला होता. मध्ये मात्र ओढला तसाच होता, जमिनीला लागलाच नव्हता.

चाचांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. "यातली हवा कुणी काढली?"

"मला काय माहीत," धैर्यशील म्हणला. "गिड्डेनं काढली असेल. इकडंच घुटमळत होता."

"गिड्डेनं?" चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. "मग सोडायचं नाही. चल, पंचांकडं तक्रार करू. तू सांग, मी शेजारी उभा राहतो. गिड्डेला काढतील बाहेर, त्याचं कामही जाईल शेठकडचं. चल."

आणि खरंच चालायला लागले. दहा पावलं गेले, पंधरा गेले. एवढ्या वर्षांत म्हातारा इतका भराभर चालला नव्हता.

"चाचा, थांबा," धैर्यशील म्हणला. "मी काढली."

चाचा थांबले. वळले.

"तुम्ही म्हणला एकवीस," धैर्यशील खाली बघून बोलायला लागला. "ॲम्ब्युलन्सच्या मीटरवर पंचवीस निघाली. आणि मघाशी तुम्ही शेठच्या तंबूत होता. हसत होता. मला वाटलं..."

"वाटलं ते कळलं," चाचा म्हणले. मग खिशातनं ते पितळेचं मीटर काढून त्याच्या हातावर ठेवलं. "हे एका ट्रकखाली पडलं होतं. बावीस वर्षं झाली. त्या दिवसापासनं हे चार कमी दाखवतं. एकदा चार, एकदा सहा असं केलं असतं तर कधीच टाकून दिलं असतं. पण हे रोज चारच कमी दाखवतं, म्हणून मला चालतं. हवा बरोबर आहे की नाही, ते तू दुसऱ्या मीटरला विचारलंस. टायरला विचारलं नाहीस. मलाही विचारलं नाहीस. आकडा पाठ केलास आणि माझ्यावर नजर ठेवलीस. आणि तंबूत मी का बसलो होतो सांगू? त्यांच्याकडं खुर्ची आहे. सकाळपासनं मी उभा आहे, धैर्या. हा गुडघा बघ."

धैर्यशीलनं गुडघा बघितला. सुजून नारळाएवढा झाला होता. हा गडी मघापासनं चाचांची नजर बघत होता, हात बघत होता, हसणं बघत होता. गुडघा तेवढा बघितला नव्हता.

"पण मग गिड्डेला खरं का सांगितलं?"

"खरंच सांगितलं. माझ्या मीटरवर, असंही सांगितलं. तेवढं त्यानं ऐकलं नाही, त्याला मी काय करू?"

धैर्यशीलनं गाडीतनं हवेची टाकी काढली. चाचा खडूचा पट्टा ओढत होते, तो थोडी थोडी हवा भरून गाडी ढकलत होता. तिसऱ्या वेळी पट्टा कडेपासनं कडेपर्यंत सारखा पुसला. पितळेच्या मीटरवर बघितलं तर एकवीस.

दुसरी फेरी धैर्यशीलनं जिंकली. चाकं जागेवर फिरलीच नाहीत. शेठची गाडी पहिल्यासारखीच वाकडी-तिकडी पळाली, कारण डिजिटल मीटरवर अजून एकवीसच होती. तिथं मात्र ती खरी एकवीस होती.

एकेक झाली. तिसरीवर सगळं. आणि तेवढ्यात चाचा परत लंगडत लंगडत शेठच्या तंबूकडं निघाले.

आता खरं सांगतो, धैर्यशीलला परत जरा संशय आला. सवय एका तासात जात नाही. पण या वेळी तो लांबनं बघत बसला नाही. मागनं गेला आणि शेजारी जाऊन उभा राहिला.

गिड्डे खाली बसून शेठच्या टायरातली हवा अजून सोडत होता. डिजिटल मीटर पाँ पाँ करत होतं. अठरा.

"शेठ," चाचा म्हणले, "वाढवा. पंचवीस करा. अठरावर टायर रिममधनं सुटेल. गाडी उलटली तर कोण जबाबदार?"

शेठनं धैर्यशीलकडं बघितलं, मग चाचांकडं. "मघाशी एकवीस म्हणला होता. आता हरायची पाळी आली तर पंचवीस?"

"माझं मीटर चार कमी दाखवतं."

शेठ खो खो हसला. गिड्डेपण हसला. "चाचा," शेठ म्हणला, "फरशी विकतो मी. तीस वर्षं लोक मला असंच सांगून माल खपवायला बघतात."

चाचांनी हात जोडले आणि परत फिरले. परत येताना धैर्यशीलनं त्यांचा दंड धरला. त्यांनी धरू दिला.

तिसऱ्या फेरीला हिरवा दिवा लागला आणि शेठची गाडी सुटता सुटताच एका बाजूला अशी लदलदली की बघणारे मागं सरकले. शेठ माणूस मात्र समजूतदार निघाला, त्यानं ॲक्सिलेटरवरनं पाय काढून घेतला. टायर रिमवर राहिला. शेठ गाडीत बसून राहिला, दोन्ही हात स्टेअरिंगवर. धैर्यशील एकटाच चारशे मीटर गेला.

सगळं आवरत असताना त्यानं वृषालीला फोन लावला. "जिंकलो."

पलीकडं मिक्सर चालू होता. "मागच्या दोन वेळेला पण जिंकला होता तुम्ही," ती म्हणाली.

खरं होतं. मागं दोनदा हा हरून घरी गेला होता आणि जिंकलो म्हणाला होता. दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी तिला बाहेरनं कळलं होतं.

"नाही, आज खरंच. चाचांना विचार पाहिजे तर."

"चाचा तुमचेच. ते तुमच्याच बाजूनं बोलणार."

धैर्यशीलला राग यायला पाहिजे होता. आला नाही. संशय आतनं कसा दिसतो ते त्यानं त्याच दिवशी बघितलं होतं. तो गाडीच्या पलीकडं जाऊन बसला, चाचांना ऐकू जाणार नाही इतक्या लांब.

"पहिली हरलो," तो म्हणला. "मला वाटलं चाचा शेठला फितूर झाले. म्हणून त्यांच्या पाठीमागं मी टायरमधली हवा काढली आणि माझ्याच हातानं हरलो. त्यांनी खडू ओढून मला पकडलं. मी गिड्डेवर ढकलायला बघितलं. तेपण पकडलं. मग पुढच्या दोन जिंकलो. त्यातली एक तर शेठनं पाय काढला म्हणून."

मिक्सर बंद झाला.

"चाचांबद्दल असं वाटलं तुम्हाला?"

"हो."

"माफी मागितली?"

"अजून नाही."

"मग आधी ती मागा," वृषाली म्हणाली. "आणि गाडी राहू दे."