दवंडीतलं सुख

रायसांगवी संस्थानचा कायदा होता: राज्याची बढाई परमुलखात हवी तेवढी मारा, घरच्या दवंडीत मात्र लोकांना ठाऊक नसलेलंच सांगा.

नव्या दिवाणांनी ‘प्रजा सुखी आहे’ या दवंडीचा मसुदा भर दरबारात न्यायाधीश भागूबाईंपुढे टाकला. “मंजुरी द्या, नाहीतर खुर्ची सोडा.”

“आपण सुखी आहोत हे लोकांना ठाऊक आहे?” भागूबाईंनी विचारलं.

“अलबत.”

“मग कायद्यानं ही दवंडी पिटता येत नाही.”

दिवाण चपापले. “बरं, ठाऊक नाही.”

“स्वतःचं सुख ज्याला दवंडीतून कळतं, तो सुखी कसला, दिवाणजी?”

दिवाणांनी कागद परत उचलला.

रायसांगवीकर आजही परमुलखात ताठ मानेनं सांगतात, आमच्याकडं दवंडी झाली की माणसं हातातलं काम टाकून ऐकायला येतात.