पाडव्याला आलेलं बाळ

आमचे थोरले बंधू दादासाहेब यांचा शब्द म्हणजे घरातला शेवटचा निकाल. वहिनी पाडव्याच्या सकाळी गेल्या आणि दादासाहेबांनी घरातली गुढी बंद केली. आमच्याकडे रीतच तशी. सणाच्या दिवशी घरात कुणी गेलं, तर पुन्हा त्याच दिवशी घरात मूल जन्मेपर्यंत तो सण करायचा नाही. त्यांची सहा वर्षांची नात मुक्ता शेजारच्या गुढ्या बघून विचारायची, "आपली कधी?" मी एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, पण दादासाहेबांकडे बोट दाखवून मोकळा होत असे.

यंदा त्यांच्या सुनेने, मुक्ताच्या आईने, सुमेधाने, एक लहानगी दत्तक घेतली आणि नेमकी पाडव्यालाच घरी आणली. उंबरा ओलांडताच सुमेधाने विचारलं, "दादा, हिला कुणी परकी म्हणणार नाही ना?"

दादासाहेब कडाडले, "कुणाची छाती आहे? दत्तक मूल उंबरा ओलांडतं, त्याच दिवशी ते त्या घरात जन्मतं!"

"म्हणजे ही आज जन्मली?"

"आजच! माझा शब्द आहे."

सुमेधाने वाकून नमस्कार केला. "मग आपला सण सुटला, दादा."

आता दादासाहेब घर डोक्यावर घेतील या भीतीने मी काठी घट्ट धरली. ते वहिनींच्या तसबिरीकडे वळले.

"वेळू माळ्यावर आहे," ते हळूच म्हणाले. "गुढीला तिची हिरवी पैठणी नेसवा."

मुक्ता पुढे झाली. "आजोबा, आणि साखरेची गाठी?"

"दोन आणा," दादासाहेब म्हणाले. "मुली दोन आहेत."