पाचवं लिंबू

“ही कोण बसलीय गं तुझ्या शेजारी?”

बुवांनी विचारलं, तेव्हा सुनीती धारप गाडीतून पुरती उतरलीही नव्हती.

“स्टेपनी आहे, बुवा.”

“पट्टा बांधून?”

“वळणावर अंगावर येते.”

निरंजनबुवांचा मठ गगनबावड्याच्या वाटेवर, रस्त्याला लागूनच. अंगणात ती लाल, बसकी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार उभी होती. दोनच माणसांची. डिकीत एक बॅग शिरली की खेळ खलास. कंपनीनं स्टेपनी दिलीच नव्हती. पंक्चर झालं तर टायरात फेस मारायचा एक डबा दिला होता. सुनीतीचा त्या डब्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिनं जुळणारं चाक मिळवलं आणि शेजारच्या सीटवर बसवलं.

“मागे बांधता येत नाही?”

“येते की. पण मग ही सीट रिकामी राहील.”

“राहू दे.”

“मुलगा येऊन बसेल. एकटी कशी जाशील, मी येतो, म्हणून हटून बसलाय. मी म्हटलं, जागाच नाही.”

बुवा गालातल्या गालात हसले.

पन्नाशी ओलांडलेली ही बाई एकटी कच्छच्या रणाला निघाली होती, आणि घरात त्याआधीच रण पेटलं होतं. जन्मभर जिनं साधा मिक्सर घेतानाही बुवांना विचारलं, तिनं गाडी मात्र कुणालाच न विचारता घेतली. निघायची वेळ आली तसे पाय आपसूक मठाकडे वळले. सवय, दुसरं काय!

तिनं पिशवीतून लिंबं काढून बुवांपुढे धरली. चाकांखाली ठेवायची, गाडी वरून न्यायची. तेवढीच इडापिडा टळते.

“पाच?”

“एक स्टेपनीचं.”

“ती सीटवर बसून लिंबू चिरडणार कशी?”

हा विचार सुनीतीच्या डोक्यातच आला नव्हता.

बुवांनी वाकून चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. पाचवं हातातच राहिलं.

“लागली का गं ही कधी?” त्यांनी स्टेपनीकडे मान उडवली.

“अजून नाही. लागायची नाही. पण असावी जवळ.”

“बरं. माझ्याकडे काय काम काढलंस?”

“परवानगी द्या, बुवा.”

“नाही दिली तर?”

सुनीतीनं मान ताठ केली. “तरी जाणार.”

“मग मागतेस कशाला?”

“असावी...”

शब्द तोंडातच राहिला. तिचे कान तापले.

बुवांनी स्टेपनीचा पट्टा ओढून आणखी घट्ट केला, दार लावलं. सुनीती पाया पडायला वाकली. बुवा एक पाऊल मागे सरले.

“परवानगी नाही.”

तिला आधी रडू आलं. मग असा संताप आला, की रडू जागच्या जागी आटलं.

“इतकी वर्षं तुम्हाला विचारल्याशिवाय मी उंबरा ओलांडला नाही. आणि आज पहिल्यांदा मला स्वतःला काही हवंय, तर...”

“नाही.”

“मग मी जाते!”

जाताना ‘येते’ म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मठातून निघताना सुनीती कायम ‘येते’च म्हणत आली होती. तोंडून गेलेला शब्द तिनं मागे घेतला नाही.

ती गाडीत बसली. किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं. चारही लिंबं चिरडून गाडी रस्त्याला लागली आणि थांबली.

सुनीतीनं वळून पाहिलं. बुवा अंगणात तसेच उभे होते, मूठ मिटून.

“बुवा, ते पाचवं टाकून द्या!” ती ओरडली.

“राहू दे माझ्याकडे,” बुवा म्हणाले. “लागायचं नाही. पण असावं जवळ.”