शेळी आणि बर्फाची सरहद्द

मुलांनो, उत्तरेकडच्या एका उंच डोंगरावर एक म्हातारी शेळी राहत असे. पांढरी दाढी, टोक मोडलेलं डावं शिंग, आणि तोंड असं फटकळ की कावळेही तिच्यापुढे बसायला कचरत. हिवाळाभर ती पायथ्याच्या रानात राही आणि हवा जराशी उबदार झाली की कळपातली सगळी करडं घेऊन वर निघे. वर एका कड्याखाली खारी माती होती. महिनोन्‌महिने सुकं गवत खाऊन करडांचे पाय लटपटू लागत. ती माती चार दिवस चाटली की तीच करडं पुन्हा उड्या मारत. मीठ मिळालं नाही तर काय होतं, हे शेळीने आयुष्यात एकदा पाहिलं होतं. त्याबद्दल मात्र ती कधी बोलत नसे.

या डोंगरावर पूर्वी एका परक्या सिंहाचं राज्य होतं. त्याला थंडी सोसत नसे, म्हणून त्याने डोंगर पाहिला तो खालूनच. वर राहणारे याक आणि खाली राहणारी अस्वलं यांनी एक होऊन त्याला नको नको केलं, तेव्हा एका हिवाळ्यात तो गाशा गुंडाळून निघाला. जाताना त्याच्या कारकून कोल्ह्याने विचारलं, "सरकार, डोंगर कोणाचा किती, ते सांगून जाता का?" सिंहाला निघायची घाई होती. त्याने वर बघून पंजा हलवला. "बर्फ आहे ते याकांचं, बर्फ नाही ते अस्वलांचं." कोल्ह्याने ते भूर्जपत्रावर लिहून घेतलं. सगळे आनंदाने नाचत होते, त्यामुळे बर्फ कोणत्या दिवसाचं धरायचं, हे विचारायचं राहूनच गेलं.

व्हायचं तेच झालं. उन्हाळ्यात बर्फ वर सरकलं. "सिंह गेला तेव्हा बर्फ झऱ्यापर्यंत होतं, म्हणून झऱ्यापर्यंत आमचं," असं याक म्हणू लागले. "भूर्जपत्रावर दिवस कुठे लिहिलाय? आज बर्फ शिखराजवळ आहे, म्हणून शिखरापर्यंत आमचं," असं अस्वलं म्हणू लागली. ज्यांनी खांद्याला खांदा लावून सिंहाला घालवलं, तेच आता एकमेकांची शिंगं मोडू लागले, कान फाडू लागले. शेवटी दमून दोघांनी ठरवलं : निकाल लागेपर्यंत त्या त्या दिवशी बर्फाची कडा जिथे असेल तीच सरहद्द. ती कोणी ओलांडायची नाही, आणि ओलांडली तर परत यायचं नाही. पहाऱ्याला वरून एक तरणा याक आला आणि खालून एक तरणं अस्वल.

त्या वर्षी हिवाळा लांबला. शेळी करडांना घेऊन निघाली, तेव्हा खाऱ्या मातीच्या बरंच खाली अजून बर्फ होतं. कड्याखालची माती तेवढी कोरडी होती. तिच्या चहूबाजूंनी पांढरंशुभ्र. एरवी ती बर्फ तुडवत एका दिवसात तिथे पोचत असे. आता कडेवर ते दोघे उभे होते.

"आजी, आधी सांगा, तुम्ही कोणाच्या?" याक म्हणाला.

"याकांच्या म्हणालात तर खाली परत येऊ देणार नाही हं," अस्वल म्हणालं. त्याला पढवून पाठवलं होतं, आणि बोलताना त्याचे दात थंडीने वाजत होते.

शेळीने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी कोणाची ते माझं मी बघेन. कडा ओलांडायची नाही, एवढंच ना? मग नाही ओलांडत. कडेवर उभी राहिले तर तुमची हरकत आहे?"

दोघे विचारात पडले. कडेवर उभं राहण्याबद्दल त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

आणि मग म्हातारीने काय करावं? बर्फ संपतं आणि माती लागते, नेमकं तिथे तिने खूर टेकवले आणि मागे सगळी करडं एका ओळीत उभी केली. ऊन वर आलं, बर्फ वितळलं, कडा हातभर वर गेली; शेळीही हातभर वर गेली. दुपारी आणखी दोन हात. बर्फ सरकतं तिथे कोवळं गवत फुटतं, ते खात खात ओळ पुढे जाई. सरहद्द सरकली की पहारेकऱ्यांनाही सरकावं लागे. याक पलीकडून चाले, अस्वल अलीकडून, आणि मधून करडांची रांग. चालता चालता शेळी दोघांनाही सारखंच फैलावर घेई. "कानात बर्फ साचलंय, झटक की! आई जवळ नाही म्हणून असा राहतोस?" अस्वलाने एकदा भीत भीत सांगितलं, की त्याचा आजा आणि याकाचा आजा सिंहाविरुद्ध एकाच खडकाआड लपले होते. याकालाही ती गोष्ट ठाऊक होती. तो खडक कोणता, यावरून मात्र ते दोघे अर्धा दिवस भांडले.

आठ दिवसांत खारी माती दिसू लागली. नवव्या दिवशी नवं बर्फ पडलं आणि कडा पन्नास हात खाली आली. शेळी करडांना घेऊन पन्नास हात खाली उतरली. पुन्हा ऊन, पुन्हा चढण. पण आता सर्वांत धाकटं करडू वरचेवर बसू लागलं. शेळी त्याला नाकाने ढोसून उठवी. खारी माती दहा हातांवर आली, आणि आभाळ भरून आलं. तीन दिवस ऊन नाही. कडा जागची हलेना. चौथ्या सकाळी करडू उठलं नाही.

शेळीने त्याला चाटलं, ढोसलं, पुन्हा चाटलं. माती समोर होती. एक खूर पलीकडे टाकला, की कळप, पायथ्याचं रान, सगळं कायमचं तुटणार होतं. इतके दिवस ताडताड बोलणारी म्हातारी मान खाली घालून उभी राहिली. तिचं शेपूट थरथरत होतं, आणि ते त्या दोघांनी पाहिलं.

मग याक खाली वाकला आणि खुरांनी आणि शिंगांनी बर्फ उकरू लागला.

"अरे, काय करतोस?" अस्वल म्हणालं. "बर्फ गेलं की ती जमीन आमची होते. तुझी जमीन तू मला देतोयस."

"दहा हात देतोय," याक मान वर न करता म्हणाला. "वरच्यांना सांगू नकोस."

मग अस्वलही पुढे आलं आणि दोन्ही पंजांनी बर्फ ओढू लागलं. एक हात, तीन हात, सहा हात. दोघांच्या अंगातून वाफा निघत होत्या. बर्फाची कडा पुढे सरकत राहिली आणि तिच्यावरून, एकही खूर पलीकडे न टाकता, शेळी त्या करडाला डोक्याने ढकलत नेत राहिली. कड्याखाली पोचल्यावर तिने खारी माती नाकावर घेऊन त्याच्या ओठांना लावली. बऱ्याच वेळाने एक बारीकशी जीभ बाहेर आली.

पुढे थोरल्या याकाने आणि थोरल्या अस्वलाने चौकशीला मागे राहिलेल्या त्या म्हाताऱ्या कोल्ह्याला धाडलं. "सरहद्द कोणी ओलांडली?" त्याने विचारलं. "कोणीच नाही," दोघे पहारेकरी एकदम म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

तात्पर्य : दुरून आखलेली रेघ कोणाच्या जिवावर उठली, तर ती सरकवायची ताकद तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांच्याच हातात असते.